तिकीट महागलं ते खेळाडूंमुळेच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ टेनेसीतल्या ओक रिजला राहतात. 2011 पासून नॉक्सव्हिलच्या नेलँड स्टेडियमची, म्हणजे टेनेसी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या घरच्या मैदानाची, सीझनभराची दोन तिकिटं (सीझन तिकिटं) घेतात. 2025 च्या बिलात दर वाढले, आणि त्याशिवाय ‘टॅलेंट फी’ म्हणून 10 टक्के वेगळे लागले. मुलगा म्हणतो खेळाडूंना पैसे मिळायलाच हवेत, बायको म्हणते घरी बसून टीव्हीवर बघा. खेळाडूंना द्यावं लागतं म्हणून तिकीट महागलं हे खरं का, आणि तिकिटं पुढे ठेवावीत का, असं त्यांनी विचारलंय.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. टेनेसीत मी कधी काम केलेलं नाही. दुसऱ्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात 19 वर्षं तिकिटांच्या खात्यात होतो. सुरुवात शनिवारी सकाळी खिडकीवर पाकिटं वाटण्यापासून केली आणि शेवटची काही वर्षं दर ठरवणाऱ्या बैठकांत बसलो. त्या बैठकांमधली एक गोष्ट सांगतो, मग बाकीचं आपोआप उलगडेल. खर्च किती आला हे बघून तिकिटाचा दर ठरवलाय, असं मी तिथे एकदाही पाहिलं नाही.

आम्ही बघायचो ते वेगळंच. गेल्या वर्षीच्या किती लोकांनी तिकिटं पुन्हा घेतली? वेटिंग लिस्टवर किती जण आहेत? आमचं तिकीट बाहेर, स्टबहबसारख्या तिकिटं पुन्हा विकणाऱ्या साइटवर, केवढ्याला विकलं जातंय? जवळजवळ सगळ्यांनी कुरकुर न करता पैसे भरले की साहेब खूश व्हायचे नाहीत, कपाळाला आठ्या घालायचे. ‘म्हणजे आपण स्वस्तात देतोय,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एक लाख खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये एक जादा माणूस बसवायला जवळपास काहीच खर्च येत नाही. त्यामुळे दर ठरतो तो समोरच्याच्या खिशावरून आणि त्याच्या वेडावरून. खेळाडूंना उद्या एक छदाम दिला नाही, तरी जॉर्जिया विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याचं तिकीट एक डॉलरनेही उतरणार नाही.

आता आकडे मांडू. 6 जून 2025 ला कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाऊस विरुद्ध एनसीएए’ या दाव्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. एनसीएए म्हणजे महाविद्यालयीन खेळांचं नियंत्रण करणारी संघटना. 1 जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा दर विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. शिवाय जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून सुमारे 280 कोटी डॉलर 10 वर्षांत द्यायचे.

तुमचं नेलँड घ्या. क्षमता 1,01,915. घरचे सामने 7. म्हणजे सीझनभरात सात लाखांवर खुर्च्या. सगळे 2 कोटी 5 लाख निव्वळ तिकिटांतून काढायचे म्हटले, तर दर खुर्चीला दर सामन्यामागे 29 डॉलर पडतील. रक्कम लहान नाही. पण ती फक्त तिकिटांतूनच का काढायची? टेनेसी ज्या एसईसी परिषदेत, म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या गटात, खेळते, तिने 2023-24 च्या आर्थिक वर्षात जुन्या 14 सदस्यांना सरासरी सव्वापाच कोटी डॉलर वाटले, आणि त्यात सिंहाचा वाटा टीव्हीचा. म्हणजे तुम्ही स्टेडियमचं फाटक ओलांडायच्या आधीच खेळाडूंच्या वाट्याच्या अडीच पट रक्कम विद्यापीठाच्या खात्यात जमा झालेली असते. 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने टीव्हीच्या हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली, तेव्हापासून हा ओघ सुरू आहे आणि दर कराराला तो फुगत गेलाय.

मग इतकी वर्षं तो पैसा जायचा कुठे? विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला भागधारक नसतात, नफा वाटायचा नसतो. खेळाडूचा मोबदला शिष्यवृत्तीपुरता बांधलेला. मग आलेला पैसा जिथे वाट मिळेल तिथे वाहतो: कोचचा पगार, कोचच्या हाताखालच्या कोचचा पगार, संगमरवरी लॉकर रूम, धबधबा असलेलं विश्रांतिगृह. आणि हकालपट्टीची भरपाई. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023 मध्ये जिंबो फिशर या कोचला काढलं आणि करारापोटी सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं लागू झालं. काम न करण्याचे! आज एका विद्यापीठाच्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला जी कमाल रक्कम देता येते, तिच्या साडेतीन पटींहून जास्त. त्या वेळी कुठल्या बिलावर ‘कोच काढल्याची फी’ अशी ओळ छापलेली मला आठवत नाही.

माझा खरा राग या ओळीवरच आहे. टेनेसीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलं की 2025 च्या सीझन तिकिटांचे दर सरासरी 4.5 टक्क्यांनी वाढतील आणि वर 10 टक्के टॅलेंट फी लागेल. तेव्हा हाऊसची तडजोड मंजूरही झालेली नव्हती. दोन्ही वाढी सरळ ‘दरवाढ 15 टक्के’ म्हणून छापता आल्या असत्या. पण वाढीला नाव दिलं की ग्राहकाचा राग त्या नावावर निघतो. कार्यालयावर चिडायच्या ऐवजी माणूस एकोणीस वर्षांच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे संघाच्या मुख्य खेळाडूवर, चिडतो. धंद्याच्या दृष्टीने ही हुशारी आहे, हे मी मान्य करतो. आमच्याकडे असतं तर मीही कदाचित त्या बाजूने हात वर केला असता.

तरीही ही फी निव्वळ थाप आहे असं म्हणणार नाही, आणि इथे तुमच्या मुलालाही थोडं ऐकावं लागेल. बाजारभाव आणि आमचा दर यांत आम्ही वर्षानुवर्षं मुद्दाम अंतर ठेवायचो. 30 वर्षं एकाच खुर्चीवर बसणारे आजोबा, वडिलांकडून तिकिटं आलेली माणसं, यांच्याकडून बाजारभाव मागायला लाज वाटायची. ती सवलत होती, कुठे लिहिलेली नसली तरी. खेळाडूंचा नवा खर्च आल्यावर ती लाज सोडायला सबब मिळाली. म्हणजे खर्चाने दर ठरत नाही, पण ‘आता परवडत नाही’ असं म्हणायला खर्च लागतो. तुमच्या बिलात जे वाढलं त्याचा बराचसा भाग ही मागे घेतलेली सवलत आहे.

आणि विभागांची पैशांची ओढाताण होतेय हेही खोटं नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या धनाढ्य क्रीडा विभागानेही 2023-24 मध्ये सुमारे 3 कोटी 77 लाख डॉलरची तूट दाखवली, तीही खेळाडूंना थेट वाटा द्यायला सुरुवात होण्याच्या आधी. त्या सीझनला त्यांचे घरचे सामने फक्त 6 होते. एक सामना कमी झाला की काय होतं हे तिकीट खात्यातल्या माणसाला विचारा. तिकिटं, पार्किंग, खाणं, बीअर सगळंच एका फटक्यात जातं, आणि पोहण्यापासून कुस्तीपर्यंतचे जे बाकीचे खेळ फुटबॉलच्या जिवावर चालतात त्यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. लहान विद्यापीठांत ही गळती विद्यार्थ्यांच्या फीमधून बुजवतात. आता मोठीही त्याच वाटेला लागलीत. क्लेमसन विद्यापीठाने 2025 च्या शरदापासून विद्यार्थ्यांवर सत्राला 150 डॉलरची क्रीडा फी लावली. ज्या पोराने आयुष्यात सामना पाहिला नाही तोही ती भरतो. तुम्हाला निदान ‘नको’ म्हणता येतं.

खेळाडूंच्या बाजूबद्दल बोलतो, कारण ती मी खिडकीतून पाहिलीय. शुक्रवारी संध्याकाळी खेळाडूंच्या घरच्यांसाठी मोफत पासांची पाकिटं ठेवलेली असायची. एका लाइनबॅकरचे वडील ट्रक चालवायचे. रात्रभर गाडी हाकून यायचे आणि पाकीट घेताना स्टेडियममधलं सगळ्यात स्वस्त खाणं कुठे मिळतं हे विचारायचे. समोरच्या दुकानात त्यांच्या मुलाच्या नंबरचा जर्सी टी-शर्ट टांगलेला असायचा. त्यातला एक सेंट त्या घरात जात नव्हता, जाणं नियमाविरुद्ध होतं. 2014 मध्ये ओ’बॅनन खटल्यात हेच प्रकरण कोर्टात ठसठशीतपणे पुढे आलं. यूसीएलएचा एक माजी बास्केटबॉलपटू व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब स्वतःसारखं पात्र खेळताना बघतो आणि विचारतो, माझे पैसे कुठे? 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध 9-0 असा निकाल दिला आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली. याला एनआयएल म्हणतात.

तुमच्या नॉक्सव्हिलचंच उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे. जेरेमी प्रुइट कोच असतानाच्या काळात खेळाडूंना, भरतीला आलेल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना मिळून सुमारे 60 हजार डॉलरचे लाभ चोरून दिले गेले, म्हणून जुलै 2023 मध्ये एनसीएएने टेनेसीला 80 लाख डॉलरहून जास्त दंड केला. दोन वर्षांनी तेच विद्यापीठ 2 कोटी डॉलरपर्यंत उघडपणे, चेकने देऊ शकतं. मधल्या काळात, फेब्रुवारी 2024 मध्ये, टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांनीच कोर्टात जाऊन एनसीएएचे एनआयएलचे नियम रोखून धरले. कालचा गुन्हा आज बिलातली एक ओळ झालाय. दंडाचे ते पैसे परत मिळत नाहीत, एवढं खरं.

बिलाबद्दल आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना उशिरा कळते. तुम्ही ‘तिकीट’ म्हणता त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक तिकिटाचा छापील दर. दुसरी ती खुर्ची ताब्यात ठेवण्यासाठीची वार्षिक देणगी. हिला देणगी म्हणायचं म्हणून म्हणायचं. गणपतीच्या वर्गणीला निदान ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता येतं, इथे नाही म्हटलं की खुर्ची दुसऱ्याची. चांगल्या जागांना ही देणगी तिकिटापेक्षा मोठी असते. 2017 पर्यंत तिच्यातली 80 टक्के रक्कम आयकरात वजा मिळायची. त्या डिसेंबरात नवा करकायदा आला आणि 2018 पासून ती वजावट बंद झाली. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमचे फोन वाजायचे थांबत नव्हते. लोक पुढच्या दोन-तीन वर्षांची देणगी आगाऊ भरत होते. पुष्कळांना आजही वाटतं की वजावट मिळते. खुर्चीशी बांधलेल्या रकमेवर ती मिळत नाही. तुमच्या कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या.

2021 नंतर यात तिसरा हात आला, ‘कलेक्टिव्ह’चा. ही विद्यापीठाबाहेरची मंडळं, चाहत्यांकडून दरमहा पैसे घेऊन खेळाडूंना देणारी. म्हणजे तोच चाहता, तोच खिसा. मागणारे तीन: तिकीट खातं, देणगी खातं, कलेक्टिव्ह. तिघांच्या ई-मेल एकाच आठवड्यात जायच्या आणि शिव्या तिकीट खात्याला पडायच्या, कारण फोन उचलणारे आम्हीच. आता पैसे विद्यापीठाकडूनच जात असल्याने बऱ्याच मोठ्या ठिकाणी कलेक्टिव्ह गुंडाळली गेली किंवा विभागात मिसळली. टॅलेंट फीची एक जमेची बाजू म्हणायची तर ही: मागणारा हात निदान एकच राहील. राहील का, हे मात्र पुढच्या ई-मेलवर कळेल.

आता चाहत्याच्या मनाचा भाग. तुम्ही बिल भरलंत, आणि एप्रिल 2025 मध्ये काय झालं? वसंतातल्या सराव सामन्याच्या तोंडावर क्वार्टरबॅक निको इयामालेआवा सरावाला आला नाही. मानधनाच्या बोलण्यांच्या बातम्या आल्या, टेनेसीने त्याच्याशिवाय पुढे जायचं ठरवलं, आणि तो यूसीएलएला गेला. ज्या खेळाडूच्या नावाने तुम्ही मनातल्या मनात ती फी भरली होती, तोच संघात नाही. 2024 पासून खेळाडूला कितीही वेळा संघ बदलता येतो, वर्षभर बाहेर बसायची अट गेलीय. पूर्वी पोरगा चार वर्षं तुमच्यासमोर वाढायचा. आता दर ऑगस्टला खेळाडूंची यादी हातात धरून नावं शिकावी लागतात. माझ्या मते गॅलरीतल्या माणसाला पैशांपेक्षा हे जास्त लागलंय. फक्त तो ते पैशांच्या भाषेत बोलतो, कारण दुसरी भाषा तक्रारीच्या अर्जात नसते.

पण म्हणून पाठिंबा आटतोय असं मला दिसत नाही. 15 ऑक्टोबर 2022 आठवा. त्या दिवशी तुम्ही तिथे असाल तर तुमचा हेवा वाटतो. टेनेसीने अलाबामाला 52-49 ने हरवलं, लोकांनी मैदानात घुसून गोलपोस्ट उपटले आणि मिरवत नेऊन टेनेसी नदीत टाकले. परिषदेने विद्यापीठाला 1 लाख डॉलर दंड केला. विद्यापीठाने नवे गोलपोस्ट आणायला चाहत्यांकडूनच ऑनलाइन वर्गणी काढली, आणि लोकांनी हसत हसत दिली! ज्यांनी मोडले त्यांनीच भरले. असं गिऱ्हाईक ज्याच्याकडे आहे, त्याला दर वाढवताना हात कशाला आखडावासा वाटेल? दर बैठकीत हे वाक्य कोणी मोठ्याने म्हणत नाही, पण टेबलावर ते ठेवलेलंच असतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, तिकिटं ठेवावीत का. 2025 चं वेळापत्रक पुन्हा काढा. नेलँडवर जॉर्जिया, ओक्लाहोमा, आर्कान्सा, व्हँडरबिल्ट. आणि त्यांच्याबरोबर ईस्ट टेनेसी स्टेट, यूएबी, न्यू मेक्सिको स्टेट. शेवटचे तीन म्हणजे भाजीवाल्याने गड्डीत आत घातलेली पानं. जॉर्जिया हवा असेल तर तीही घ्यावी लागतात. सीझन तिकीट ही जुडीच असते, आणि दर नेहमी जुडीचा सांगतात. तेव्हा गेल्या तीन वर्षांत तुम्ही स्वतः किती सामन्यांना गेलात ते प्रामाणिकपणे मोजा. बिलाची पूर्ण रक्कम, म्हणजे देणगी, फी, पार्किंग धरून, त्या संख्येने भागा. 7 पैकी 6 बघत असाल तर सोडू नका, ही वाढ धरूनही जुडी सहसा सुट्यापेक्षा स्वस्त पडते. 3 बघत असाल तर बायकोचं म्हणणं निम्मं बरोबर आहे: मोठे दोन-तीन सामने सुटे विकत घ्या, बाकीचे घरी बघा.

मधल्या स्थितीत असाल, 4-5 सामने, तर सोडण्याआधी दोन गोष्टी करा. तिकीट खात्याला फोन करून विचारा की वरच्या मजल्यावर सरकलो तर देणगी किती कमी होते, आणि साठलेले प्राधान्याचे गुण, म्हणजे चांगली जागा आधी मिळवून देणारे, जातात की राहतात. गुण राहत असतील तर वर जा. दृश्य वाईट नसतं, उलट खेळाची मांडणी वरूनच कळते. नदी दिसेल अशा जागी बसलात तर होड्यांतून आलेले चाहतेही दिसतात. गुण जाणार असतील तर दहादा विचार करा, कारण सोडलेली खुर्ची त्याच जागी परत मिळालेली मी फार क्वचित पाहिलीय. मात्र ‘इतकी वर्षं भरले’ हे कारण मनात आणू नका. ते पैसे गेले, त्या त्या शनिवारी तुम्ही ते वसूलही केलेत.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. 2026 पासून एसईसीत परिषदेतले सामने 8 ऐवजी 9 होतात, म्हणजे पानं थोडी कमी, भाजी थोडी जास्त. शिवाय सम वर्षी अलाबामा नॉक्सव्हिलला येतो. सोडायचंच असेल तर विषम वर्षाच्या बिलाला सोडा. आणि मुलगा कमवता असेल तर टॅलेंट फीची ओळ त्याच्याकडून घ्या, मत त्याचंच आहे.

मी स्वतः निवृत्त झाल्यापासून सीझन तिकीट घेत नाही. नोव्हेंबरातला एखादा दुबळ्या संघाविरुद्धचा सामना बघतो, आदल्या रात्री उशिरा बाहेरच्या बाजारात भाव पडला की दोन तिकिटं घेतो. थर्मास आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे चहा पार्किंगमध्येच पिऊन घ्यावा लागतो.